चिक चॉकलेटची लेक

नागापुरात राहणाऱ्याला लग्नसराई कॅलेंडरमध्ये बघावी लागत नाही. संध्याकाळी एमआयडीसीची जनरल शिफ्ट सुटते, नेमकी त्याच वेळी वरात निघते, आणि मग कामावरून सुटलेले, क्लासहून परतणारे, भाजी घेऊन निघालेले असे सगळे गुमान त्या वरातीच्या मागे चालायला लागतात. यंदा मे महिन्यात मीही अशीच स्कूटी बंद करून अर्धा तास ढकलत होते. नवल एवढंच, की वरातीत डीजे नव्हता. जुन्या पद्धतीचा बँड होता. लाल कोट, त्यावर सोनेरी दोऱ्या, दिव्यांनी मढवलेली चाकांची गाडी आणि त्या गाडीवर माइक धरून गाणारी एक मुलगी. असेल माझ्याच वयाची. गाणं होतं ‘शोला जो भडके’.

तुम्ही हे गाणं ऐकलेलं आहे. ऐकलं नाही असं वाटत असेल तरी ऐकलेलं आहे. कुठल्या तरी रीलमागे, गॅदरिंगमध्ये, नाहीतर आजोबांच्या रेडिओवर. ते कानात बसतं ते चालीमुळे, पण पाय हलतात ते चालीच्या मागे जे चाललेलं असतं त्यामुळे. त्या दिवशी मुलीचं कडवं संपलं की एक काका ट्रम्पेट तोंडाला लावायचे आणि अख्खी वरात उसळायची. घरी आले, यूट्यूब उघडलं, आणि पुढचे तीन आठवडे माझे त्यातच गेले. हा लेख म्हणजे त्या तीन आठवड्यांचा हिशोब समजा.

गाणं आहे ‘अलबेला’ या सिनेमातलं. साल 1951. पडद्यावर भगवानदादा आणि गीता बाली. संगीत सी. रामचंद्र यांचं, आणि भगवानदादांसाठी आवाजही त्यांचाच. गाताना ते नाव लावायचे ‘चितळकर’. आता आडनाव नीट वाचा. रामचंद्र नरहर चितळकर. जन्म 12 जानेवारी 1918, पुणतांबे, तालुका राहाता, जिल्हा आपला! आमच्या नागापूरवरून जाणारा मनमाड रोड धरून उत्तरेला जात राहा, राहुरी मागे टाका, कोल्हार मागे टाका, मग गोदावरीच्या अंगाला वळा. तेच पुणतांबे. आपल्या पिढीला ते 2017 च्या शेतकरी संपामुळे माहीत आहे, घरच्या मोठ्यांना चांगदेवांच्या समाधीमुळे. हिंदी सिनेमात पाश्चात्त्य ठेका रुजवणाऱ्यांपैकी एक माणूस इथला, हे मात्र मला बावीस वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. मीही कुणाला विचारलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

हा माणूस शिकला काय, तर पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे शास्त्रीय गाणं. म्हणजे तंबोरा, ख्याल, सगळं रीतसर. मग ‘अलबेला’त बाँगो, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट आले कुठून? पुणतांब्याहून तर नक्कीच नाही.

याचं उत्तर त्याच सिनेमात, पडद्यावर उभं आहे. ‘दीवाना ये परवाना’ हे गाणं लावा. नायक-नायिकेवरून नजर जरा बाजूला घ्या आणि मागचा बँड बघा. झालरीच्या बाह्यांचे शर्ट घातलेली मंडळी वाजवतायत. हा नुसता शोभेचा बँड नाही. तो खराखुरा बँड आहे आणि त्याचा म्होरक्या आहे ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट.

हे अर्थात पाळण्यातलं नाव नाही. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म 1916 चा, गाव गोव्यातलं हळदोणे. त्या वेळच्या पोर्तुगीज गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळा असायच्या आणि तिथे मेस्त म्हणजे संगीतशिक्षक पोरांना ‘डो-रे-मी’पासून नोटेशन शिकवायचे. अक्षरओळख आणि स्वरओळख बरोबरच. हेतू एवढाच, की रविवारच्या प्रार्थनेला गाणारे आणि वाजवणारे गावातच तयार व्हावेत. पण कागदावरची खूण बघून जे लिहिलंय ते जसंच्या तसं वाजवणं ही अशी विद्या होती, की तिला मुंबईत, कोलकात्यात, अगदी रंगूनपर्यंत मागणी होती. शेती बेताची, नोकऱ्या नाहीत. मग ही मुलं व्हायोलिन नाहीतर ट्रम्पेट काखोटीला मारून निघाली. मुंबईत धोबीतलावच्या आसपास त्यांच्या गावांचे ‘कूड’ होते. कूड म्हणजे गावकीनं चालवलेली सामाईक खोली. पथारी टाकायची, ट्रंक ठेवायची आणि काम शोधायला बाहेर पडायचं. आपल्याकडचे गिरणगावातले गाळे आठवतात ना, तसंच काहीसं.

ही मुलं शिकून आली होती चर्चचं संगीत. जॅझ त्यांना मुंबईत भेटलं. 1935 मध्ये ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन आला. पाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ, पियानोवादक टेडी वेदरफर्ड. स्वतःच्या देशात ज्यांना पुढच्या दारानं आत घेतलं जात नव्हतं असे हे कलावंत, आणि त्यांना ऐकणारे, त्यांच्याकडून उचलणारे आपले गोवेकर. दोघांनाही परकी सत्ता आणि कातडीचा रंग म्हणजे काय हे सांगायची गरज नव्हती. पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी या सगळ्या काळावर ‘ताजमहल फॉक्सट्रॉट’ नावाचं अख्खं पुस्तक लिहिलंय. मिळालं तर जरूर वाचा.

आंतोनियो वाझचा देव होता लुई आर्मस्ट्राँग. ट्रम्पेट त्याच्यासारखा, घोगरा आवाज त्याच्यासारखा, अगदी घाम पुसायचा पांढरा रुमालही त्याच्यासारखा. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायला लागले. 1940 च्या दशकात ताजमध्ये त्याचा स्वतःचा बँड वाजत होता.

पण मग ताजमध्ये वाजवणारा माणूस सिनेमात कसा आला? एक तर हॉटेलातलं काम रात्रीचं, दिवस मोकळा. दुसरं म्हणजे 1949 मध्ये मुंबई इलाख्यात दारूबंदीचा कायदा आला आणि नाइटक्लबांचा धंदा बसत गेला. वादकांची पावलं स्टुडिओकडे वळली. स्टुडिओलाही ते हवेच होते. विचार करा, पन्नास वाजवणारे एका खोलीत बसलेत. रेकॉर्डिंग एका दमात. आजच्यासारखं वेगवेगळ्या ट्रॅकवर वाजवून नंतर जोडायची सोय नाही. एकाचा सूर चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून! अशा वेळी प्रत्येकापुढे त्यानं काय वाजवायचं याचा लिहिलेला कागद लागतो. संगीतकार हार्मोनियमवर चाल सांगायचा, आणि ती कागदावर उतरवून, सुरुवातीचे तुकडे, दोन कडव्यांमधली जागा, गाण्याच्या पोटातून वाहणारी दुसरी सुरावट हे सगळं बांधायचा तो अ‍ॅरेंजर. हे काम बहुतेक गोव्याच्या मंडळींकडे होतं. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड. (हो, ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’मधलं नाव म्हणजे खरे व्हायोलिनवादक. प्यारेलाल त्यांचे शिष्य.) आणि सी. रामचंद्रांचा साहाय्यक चिक चॉकलेट. पुणतांब्याची चाल आणि हळदोण्याचा ट्रम्पेट, ‘अलबेला’ म्हणजे हे असं आहे.

रेकॉर्डच्या लेबलवर मात्र वादकांची नावं छापायची पद्धतच नव्हती. वादकांचं सोडा, 1949 च्या ‘महल’मधल्या गाण्याच्या रेकॉर्डवर लता मंगेशकरांऐवजी पडद्यावरच्या पात्राचं, ‘कामिनी’चं नाव होतं. ट्रम्पेटवाल्याला मग कोण विचारतो? दिवसाची मजुरी घ्यायची, केसमध्ये वाद्य ठेवायचं, लोकल पकडायची. आपल्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे कलाकार म्हणून हक्क आले ते 1994 च्या दुरुस्तीनं, आणि रॉयल्टीची बाजू नीट झाली 2012 मध्ये. चिक चॉकलेट 1967 मध्येच गेला होता. पन्नाशी जेमतेम गाठलेली.

इथपर्यंत आल्यावर मला वाटलं, संपली गोष्ट. ज्याचं नाव लेबलवर नाही, त्याच्या मागे उरणार काय? तर मागे लेक होती, आणि ती गात होती.

इव्हॉन वाझ. लग्नानंतर इव्हॉन गोन्साल्विस. जॅझ गायिका. बाप ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, नवरा सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस. तिच्याबद्दल वाचायला घेतलं की पहिल्याच ओळीत दोन षष्ठी विभक्त्या भेटतात, चिकची मुलगी आणि ब्राझची पत्नी. शाळेत मराठीच्या बाईंनी षष्ठी म्हणजे संबंध असं शिकवलं होतं. संबंध खरेच आहेत, नाकारायचं काही कारण नाही. पण मला प्रश्न पडला तो असा, की बँडमध्ये समोर कोण उभं असतं? लोकांच्या डोळ्यात डोळे घालून गाणं कोण पोहोचवतं? गायिकाच ना? आणि परिचय वाचताना तीच तिसऱ्या जागेवर. हे इव्हॉनपुरतं नाही. आपल्याकडेही बाई गायला लागली की आधी ‘कुणाची?’ असंच विचारतात.

आता थोडं थांबून जॅझ गायिका करते काय ते सांगते, कारण मलाही ते माहीत नव्हतं. माझी समजूत अशी, की इंग्रजीत हळू आवाजात, डोळे मिटून, काळ्या गाऊनमध्ये गायलं की झालं जॅझ. कॅफेतल्या प्लेलिस्टवर असतं तसं. ते दिसणं झालं. काम वेगळं आहे.

जॅझमध्ये गाण्याची मूळ चाल ठरलेली असते, आपल्या बंदिशीसारखी. ती एकदा नीट मांडायची. मग खरी मजा. त्याच चालीच्या सांगाड्यावर प्रत्येक वादकानं पाळीपाळीनं स्वतःचं काही तरी तिथल्या तिथे रचायचं. ख्याल ऐकणाऱ्या माणसाला यात नवं वाटणार नाही, आपला आलाप आणि तानही जागच्या जागी घडतात. फरक असा, की आपल्याकडे तंबोऱ्याचा ‘सा’ पायाखाली घट्ट असतो. जॅझमध्ये पायाखालची फरशीच दर काही मात्रांनी सरकते, कारण खालचे कॉर्ड बदलत राहतात. गाणारीला फरशी कुठे सरकणार ते आधीच माहीत पाहिजे आणि माहीत असल्याचं तोंडावर दिसता कामा नये. शिवाय ठेका. शब्द बरोबर समेवर टाकायचा नाही, जरा मागे ओढायचा, किंवा आधीच टाकून मोकळं व्हायचं. त्याला म्हणतात स्विंग. लावणी गाणाऱ्या बायका शब्द जसा खेळवत, अडवत, मग सोडून देतात, ते आठवा. नोटेशनमध्ये ते लिहिता येत नाही.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे स्कॅट. शब्द सोडून द्यायचे आणि निरर्थक अक्षरांवर गळ्यानंच वाद्यासारखं वाजवायचं. आर्मस्ट्राँगची 1926 ची ‘हीबी जीबीज’ ही रेकॉर्ड गाजली आणि स्कॅट घराघरांत गेलं. गाता गाता त्याच्या हातातला शब्दांचा कागद पडला म्हणून तो तसं गायला, असा किस्सा सांगतात. खरा असो नसो, किस्सा झकास आहे. मुद्दा असा, की जॅझमध्ये गळा आणि ट्रम्पेट ही दोन वेगळी खाती नाहीत. आर्मस्ट्राँग गायचा तसाच वाजवायचा, वाजवायचा तसाच गायचा. त्यामुळे ट्रम्पेटवाल्याची मुलगी गायला लागली तर तिनं बापाची विद्या सोडली असं होत नाही. वाद्य बदललं, एवढंच.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण वारसा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वस्तू येते. आजोबांची पेटी, वडिलांचा तबला, मुलाच्या हातात दिलेला. बहुतेक वेळा मुलाच्याच. ब्रासची वाद्यं तर बायकांनी वाजवायचीच नाहीत, असं जणू कुठे लिहून ठेवलेलं आहे. अमेरिकेतही त्या काळच्या बँडमध्ये मुली दिसायच्या त्या बहुतेक माइकपाशी. म्हणजे लेकीला घरातून मिळतो तो कान. नोटांचा कागद, कोट, बँडचं नाव यातलं काही नाही. स्वयंपाकघरात असताना बाहेरच्या खोलीतून रियाझ ऐकू येतो तो. कुठल्या जागी बाबा थांबतात, कुठे चुकतात, चुकल्यावर कसं सावरून घेतात, ते. वारस म्हणून कुणी नाव लावलं नसेल, पण खजिना तोच.

इव्हॉन यांचं सासर-माहेर दोन्हीकडे संगीत. ब्राझ गोन्साल्विस 1934 चे, गोव्यातल्या नेवऱ्याचे. बासरी नाही, सनई नाही, सॅक्सोफोनवर त्यांनी भारतीय राग आणले. 1970 च्या सुमारास ‘रागा रॉक’ नावाची त्यांची छोटी रेकॉर्ड निघाली. नाव ऐकून हसू येईल, पण वेळ बघा. रविशंकरांचं सतार आणि बीटल्स जगभर पोचल्याला तीन-चार वर्षंच झाली होती आणि इथे आपलाच एक जॅझवाला उलट दिशेनं चालत होता. पुढे कोलकात्यात पार्क स्ट्रीटच्या ब्लू फॉक्समध्ये ते लुई बँक्स यांच्या बँडमध्ये होते आणि तिथे गायची पॅम क्रेन. तो पार्क स्ट्रीट काय होता याची कल्पना हवी असेल तर एवढंच सांगते, जवळच्याच ट्रिंकाजमध्ये साडी नेसून, गजरा माळून उषा अय्यर नावाची मुलगी इंग्रजी गाणी गायची. आपल्या उषा उथुप. मग 1978 मध्ये मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला आणि जगभरचे कलावंत येऊ लागले. आपल्या वादकांना घरच्या अंगणात त्यांच्या बरोबरीनं उभं राहायला मिळालं.

पण महोत्सव म्हणजे वर्षा-दोन वर्षांतले चार दिवस. बाकी दिवशी काय? 1980 च्या दशकात डिस्को आला. सिंथेसायझर आला, म्हणजे एका माणसाच्या दहा बोटांत वीस वादकांचा पगार वाचला. हॉटेलांना जिवंत बँड परवडेना, स्टुडिओला लागेना. लुई बँक्ससारख्यांनी जाहिरातींची जिंगल केली. कुणी जहाजांवर गेले, कुणी आखातात. ब्राझ गोव्याला परतले आणि बरीच वर्षं त्यांचा सॅक्सोफोन चर्चसाठी वाजला. नंतर ते पुन्हा मंचावर आले, आणि शेजारी माइकपाशी इव्हॉन. हळदोण्याहून 1930 च्या दशकात निघालेला सूर असा फिरून गोव्यात पोचला.

जॅझमधली अशी घराणी आणखी आहेत. लुई बँक्स यांचं नावच आर्मस्ट्राँगवरून ठेवलेलं. वडील पुष्कर बहादूर ऊर्फ जॉर्ज बँक्स नेपाळी वंशाचे ट्रम्पेटवादक, मुलगा जिनो ड्रमर. आपण ‘कोणत्या घराण्याचे?’ असं विचारतो तेव्हा ग्वाल्हेर, जयपूर अशी गावं ऐकायची तयारी असते. यांच्याकडे घराणं म्हणजे खरोखर घर, भांडी घासल्याचा आवाज येतो ते.

अमेरिकेतलं एक उदाहरण तर मला झोपू देईना. नॅट किंग कोल हा मोठा गायक 1965 मध्ये गेला तेव्हा मुलगी नॅटली नुकतीच पंधरा वर्षांची झाली होती. 1975 मध्ये तिचा पहिला अल्बम आला तो सोल आणि आर अँड बीचा. बापाची गाणी तिनं बराच काळ अल्बमवर घेतलीच नाहीत. ‘कुणाची?’ या प्रश्नापासून पळणं म्हणा हवं तर. मग 1991 मध्ये ‘अनफर्गेटेबल’ हा अल्बम केला. वडिलांचा जुना ध्वनिमुद्रित आवाज आणि तिचा आवाज एकत्र जोडून बाप-लेकीचं युगलगीत. वर्षाचा सर्वोत्तम अल्बम म्हणून ग्रॅमी मिळालं. आज एआयनं कुणाचाही आवाज जिवंत करतात, त्यामुळे आपल्याला त्यात विशेष वाटणार नाही. पण फरक आहे. नॅटलीनं बापाला नवीन काही गायला लावलं नाही. त्यानं गाऊन ठेवलं होतं तिथेच ती स्वतः जाऊन उभी राहिली.

आणि ज्यांच्यामागे घर नव्हतं त्यांचं? लॉर्ना कोर्देरोचं नाव गोव्यात कुणालाही विचारा. ट्रम्पेटवादक क्रिस पेरी यांनी तिला घडवलं, कोकणी गाण्यांत जॅझ आणि लॅटिन ठेका आणला, आणि दोघांची ताटातूट झाली तसा तिचा आवाज वीसेक वर्षं बंद झाला. 1990 च्या दशकात ती परत गायला उभी राहिली तेव्हा लोक रडले. ‘नाचूंया कुंपासार’ हा कोकणी सिनेमा याच कहाणीवरून सुचलेला. बघा. मला त्यातून एक गोष्ट लख्ख दिसली. गुरू एकच माणूस असतो, तो गेला की दार बंद होऊ शकतं. घरात गाणं असलं की निदान मागचं दार उघडं राहतं. घरातल्या गाण्याचा काचही असतो, तुलना असते, हे कबूल. पण तीस वर्षं नाही गायलं तरी कान शाबूत ठेवणारं कुणीतरी जेवणाच्या ताटावर समोर बसलेलं असतं.

तर हे सगळं डोक्यात घेऊन गेल्या आठवड्यात मी त्या बँडवाल्यांना शोधून काढलं. फार लांब नव्हते, आमच्या घरापासून पायी दहा मिनिटं. पत्र्याची शेड, आत वाद्यं, भिंतीला लाल कोट टांगलेले. पावसाळा तोंडावर, त्यामुळे तारखा संपत आलेल्या आणि सगळे निवांत. ट्रम्पेटवाले काका म्हणजे माइकवर गाणाऱ्या मुलीचे चुलते. त्यांचे वडील वाजवायचे, त्यांचे आजोबा वाजवायचे. “नोटेशन-बिटेशन काय नाय ताई,” काका म्हणाले, “आज्यानं बापाला दाखवलं, बापानं मला दाखवलं. कानानंच.”

मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. तिनं पहिलीच अट घातली की नाव छापायचं नाही, फोटो तर अजिबात नाही. कॉलेजमध्ये कुणाला माहीत नाही ती बँडच्या गाडीवर गाते ते. “गॅदरिंगला गायले तर टाळ्या मिळतात. वरातीत गाते म्हटलं की लोक निराळंच बघतात.” मी म्हटलं, मुंबईत ताज हॉटेलात वाजवणाऱ्यांकडेही काही लोक असेच बघायचे. ती म्हणाली, “त्यांना ताज तरी होतं.” यावर मला काही उत्तर सुचलं नाही.

मग मी मोबाइलवर ‘दीवाना ये परवाना’ लावलं. पडद्यावरचा बँड दाखवला, चिक चॉकलेट दाखवला. मागच्या ओळीत उभा असलेला माणूस गाण्याच्या मधोमध कसा पुढे येऊन बसतो ते सांगितलं. त्याची मुलगी गायिका झाली हेही सांगितलं. काकांनी मोबाइल कानाशी धरला, आवाज पूर्ण वाढवला. डीजेच्या जमान्यात त्यांना कमी ऐकू येतं असं पुतणीचं म्हणणं. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा मधला ट्रम्पेटचा तुकडा आला तेव्हा ती मुलगी, कोट घडी करता करता, त्या तुकड्याबरोबर गुणगुणायला लागली. शब्द नव्हतेच तिथे. नुसतं ‘पॅ-प-पॅ-पा’ असलं काहीतरी, पण प्रत्येक जागा बरोबर, शेवटची वळणाची जागासुद्धा.

काकांनी मोबाइल बंद करून माझ्या हातात दिला. ट्रम्पेट उचलला, तोंडाचा भाग शर्टला पुसला आणि तिला म्हणाले, “थांब, थांब. परत म्हण ते. जरा सावकाश.”